एकच बिल तिघांनी भरलं

माझ्यावर कुणाचं एक पैशाचं देणं नाही, हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललोय की जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत मी दिसलो की लोक विषय बदलतात. बदलू देत. खरं ते खरं. पण मागच्या दिवाळीत याच वाक्यानं मला असं तोंडावर पाडलं, की आता ते बोलायच्या आधी मी आजूबाजूला बायको आहे का बघतो.

आमच्या घरात दोन नियम आहेत. दोन्ही वडिलांचे. त्यांचं मैंदर्गीला किराणा दुकान होतं. पहिला नियम, दिवाळीच्या पाडव्याच्या आत सगळ्यांची देणी फेडायची, दुधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत. दुसरा नियम, फेडलेलं देणं तोंडानं बोलून दाखवायचं नाही. बोललं की ते परत दारात येतं, असं वडील म्हणायचे. पहिला नियम चांगला आहे. दुसराही चांगला आहे. दोन्ही एकाच घरात एकाच वेळी पाळले की काय होतं, ते वडिलांना सुचलं नव्हतं, कारण त्यांच्या काळात क्रेडिट कार्ड नव्हतं.

माझ्याकडे ते आहे. दसऱ्याला धुण्याचं मशीन घेतलं तेव्हा दुकानदार म्हणाला, कार्डावर घ्या, दोन हजार सूट. दोन हजारांसाठी माणूस काय काय करतो. बिल आलं तेवीस हजार सहाशे चाळीस. मुदत होती पंधरा नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे पाडव्याच्या पुढं. बँकेची मुदत बँकेला लखलाभ, आपली मुदत पाडवा.

धनत्रयोदशीच्या सकाळी मी 'मैंदर्गीकर परिवार' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निवेदन टाकलं. या परिवारात तीन माणसं आहेत. मी महेश्वर, अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात स्टोअरकीपर. बायको सिद्धेश्वरी, वळसंगची. आणि मुलगा बसू, पुण्यात नोकरीला. माणसं तीन असली तरी मी लिहितो ते मैदानातल्या सभेला उद्देशून लिहितो. निवेदन असं होतं: "पाडव्याच्या आत कार्डाचं देणं फिटलंच पाहिजे. कुणी फेडायचं ते मला माहीत नाही. या घरात कुणाला काही वाटतं की नाही?"

आता खरं सांगतो. पैसे मीच भरणार होतो. कारखान्याचा बोनस खिशात होता. पण गुपचूप भरले तर घराला किंमत कळत नाही. आधी सगळ्यांना जरा हलवून सोडावं, मग भरावं, म्हणजे त्या भरण्याला वजन येतं, असा माझा विचार. नवरे आणि बाप असंच वागतात. मी फक्त कबूल करतोय.

त्याच दुपारी बँकेच्या मशीनमध्ये मी तेवीस हजार सहाशे चाळीस रुपये भरले आणि वडिलांच्या नियमाप्रमाणे गप्प बसलो.

तिकडं बसूला वाटलं, बाबांनी आपल्यालाच टोमणा मारला. धुण्याचं मशीन आईसाठी, मुलगा कमावता, वर त्यानं दिवाळीला यायला रजा नाही म्हणून सांगितलेलं. त्यानं पुण्यातून भरले. आणि गप्प बसला. शेवटी माझंच रक्त.

इकडं सिद्धेश्वरीला वाटलं, मशीन आपण मागितलं, म्हणजे बोलणं आपल्यालाच. तिनं ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवलेले पैसे काढले आणि समोरच्या चांदबीकडं गेली. चांदबी शिवणकाम करते आणि फोनवरून पैसे पाठवण्यात गल्लीत पहिली आहे. तिनं रोख घेतली, स्वतःच्या खात्यातून माझ्या कार्डावर तेवीस हजार सहाशे चाळीस भरले. दोघी गप्प बसल्या.

माझ्या फोनवर तीन मेसेज आले. 'आपले पैसे मिळाले. धन्यवाद.' एकाखाली एक, तीन वेळा. मला वाटलं, दिवाळी आहे, बँक जरा जास्त सभ्यपणे वागतेय.

भाऊबीजेनंतर स्टेटमेंट आलं. एकूण देणे या रकान्यात सत्तेचाळीस हजार दोनशे ऐंशी. आकड्याच्या मागं एक बारीक आडवी रेघ. मी चष्मा पुसला. रेघ गेली नाही.

शेजारचे धोंडप्पा तहसील कचेरीतून रिटायर झालेत. सरकारी कागद दिसला की ते हाताला लागेल त्या पेननं त्यावर खुणा करतात. त्यांनी स्टेटमेंट उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "महेश्वर, हे वजा आहे. वजा म्हणजे तुमची रक्कम बुडाली."

"पण मी भरलेत की!"

"भरले म्हणून तर वजा झाले. न भरता कसं वजा होईल?"

तहसील कचेरीत तीस वर्षं लोकांची कामं का होत नव्हती, ते मला त्या दिवशी कळलं.

शेवटी बसूला फोन लावला. त्याला बोलतं करायला दहा मिनिटं लागली. "बाबा, मी भरले होते. सांगायचं नसतं ना म्हणून..." मी फोन स्पीकरवर ठेवलेला. स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज थांबला. सिद्धेश्वरी दारात आली. हाताला पीठ.

"तुमी पण भरले?" तिनं मला विचारलं.

"पण म्हणजे? तू कुठले भरलेस?"

तिनं पिठाच्या बोटानंच ज्वारीचा डबा दाखवला. तेव्हा कुठं मला सगळं कळलं.

डब्यातले पैसे तिच्या कुटायच्या मशीनचे होते. सिद्धेश्वरीची शेंगाचटणी आमच्या भागात नावाजलेली आहे. आजवर उखळात कुटायची. कुटून कुटून उजवा खांदा गेला. डॉक्टरनं सांगितलं, आता मुसळ धरलं तर हात वर जाणार नाही. म्हणून तिनं बार्शीच्या कासीमभाईच्या दुकानात चार मुसळांचं, विजेवर चालणारं कुटायचं मशीन ठरवलं होतं. अडतीस हजार. पाच हजार आगाऊ दिलेले, तेहेतीस हजार डब्यात. संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरते, होम मैदानावर पंधरा दिवस सगळा जिल्हा लोटतो, तिथं तिनं पहिल्यांदाच चटणीचा स्टॉल घेतला होता. स्टॉलचं भाडं भरलेलं, परत मिळणार नव्हतं. मशीन डिसेंबरच्या मध्यापर्यंत आलं तरच चटणी तयार होणार. आणि तिच्या डब्यात आता उरले होते नऊ हजार तीनशे साठ.

माझ्या खात्यात? दिवाळी झालेली. अकराशे बारा रुपये. बसूनं त्या महिन्याचं घरभाडं मित्राकडून घेऊन भरलं होतं.

म्हणजे आमचं सगळं घर कंगाल, आणि बँकेकडं आमचे सत्तेचाळीस हजार दोनशे ऐंशी. बिनव्याजी. बिनतारण. मी दहा रुपये एक दिवस उशिरा भरले असते तर या बँकेनं मला वसुलीवाल्यांच्या तोंडी दिलं असतं.

बँकेच्या नंबरला फोन लावला. मराठीसाठी चार दाबा म्हणाले. चार दाबलं. मग एक बाई हिंदीत म्हणाली की मराठी बोलणारे सगळे कामात आहेत. मराठी माणूस कामात आहे हे ऐकून जरा बरं वाटलं. वीस मिनिटं सनई ऐकली. मग एक पोरगा आला.

"सर, आपलं काही देणं नाही. अभिनंदन."

"अभिनंदन नको. माझे पैसे परत द्या."

"सर, आपलं देणं नाही."

"बाबा रे, माझं नाही, तुमचं आहे! तुम्ही मला द्यायचंय!"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज. त्याच्यासमोरच्या कागदावर सगळी उत्तरं होती, फक्त बँकेनं कुणाला काही द्यायचं असतं हे कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यानं परत सनई लावली.

मग शाखेत गेलो. कारखान्यात अर्धी रजा टाकली. तिथं कार्डाच्या टेबलावर उमर नावाचा पोरगा बसतो. टाय घातलेला, दात स्वच्छ, स्वभावानं गोड. गोड माणसांवर ओरडता येत नाही. बँका त्यांना त्यासाठीच पुढं बसवतात.

"काका, टेन्शन कशाला घेता? वापरा की. सत्तेचाळीस हजाराची खरेदी करा, आपोआप वळते होतील."

काका. मी त्रेपन्न वर्षांचा आहे, हे खरं. पण माझे पैसे अडकवून वर काका म्हणायचं, हे मला लागलं.

"आणि रोख पाहिजे असेल तर?"

"अर्ज करावा लागेल. पण वेळ लागतो काका. वापरलेलं सोपं."

गल्लीतही सगळ्यांचं तेच. धोंडप्पा म्हणाले, मोठा टीव्ही घ्या, आम्हीही येऊ बघायला. इस्त्रीवाला म्हणाला, सोनं घ्या. लोकांच्या अडकलेल्या पैशाचं काय करावं हे सगळ्यांना बरोबर कळतं. सिद्धेश्वरी एकटीच म्हणाली, "मशीनच घेऊ की कार्डावर. कासीमभाईकडं कार्ड घासायचं यंत्र हाय. मी बघितलंय."

तीन दिवसांत कुणालाच हे सुचलं नव्हतं. मला तर नाहीच. मी मात्र, "तेच सांगणार होतो," म्हणालो.

रविवारी एसटीनं बार्शीला गेलो. कासीमभाईचं दुकान धान्यबाजाराच्या मागं. दुकानात आठदहा गिऱ्हाईकं, सगळी शेतकरी आणि गिरणीवाली. मशीन पुढंच ठेवलेलं, हिरवा रंग, वर हळदीकुंकू. सिद्धेश्वरीनं त्यावरून हात फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवतात तसा. मी जरा आवाज चढवून म्हणालो, "कासीमभाई, बाकी सगळी कार्डावर घ्या. आपलं उधारीचं काम नसतं."

कासीमभाईनं कार्ड यंत्रात घातलं. यंत्र विचार करत बसलं. मग कुंईऽऽ असा आवाज आला.

"साहेब, नाही म्हणतंय."

"परत घाला. सत्तेचाळीस हजार आहेत त्यात."

परत कुंईऽऽ. आता गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. एक फेटेवाले आजोबा बाकावरून म्हणाले, "असू द्या हो. व्हतं असं माणसाचं."

मला होत नाही असं! माझ्यावर कुणाचं एक पैशाचं देणं नाही! हे मी तिथं मोठ्यानं बोललो, आणि त्याच क्षणी फोनवर मेसेज आला: 'आपल्या कार्डावर असाधारण जमा आढळल्याने, आपल्या सुरक्षिततेसाठी कार्ड गोठवण्यात आले आहे.'

माझ्या सुरक्षिततेसाठी. चोरापासून नाही, उचलेगिरीपासून नाही, माझ्यापासून.

कासीमभाई भला माणूस. म्हणाला, "वहिनी, मशीन घेऊन जा. पैसे गड्डा झाल्यावर द्या. वहीत लिहून ठेवतो."

सिद्धेश्वरीचा चेहरा उजळला. आणि मी, मी मैंदर्गीकर, म्हणालो, "नको. आमच्याकडं उधारी चालत नाही."

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. वैरागचा स्टँड मागं पडल्यावर म्हणाली, "फुकटची उधारी बँकेला चालती. आपल्या माणसाची आपल्याला चालत न्हाय. व्हय ना?"

मी तिकिटाचे सुटे पैसे परत मोजायला काढले. बरोबर होते.

सोमवारी परत उमरसमोर. असाधारण जमा म्हणजे काय? एवढ्या लहान कार्डावर तीन दिवसांत तीन ठिकाणांहून पैसे आले, एक रोख, एक पुण्याहून, एक तिसऱ्याच बाईच्या खात्यातून. बँकेला संशय आला होता की मी काळा पैसा पांढरा करतो. टॉवेलच्या स्टोअरमधला माणूस! कारखान्यातून दोरा घरी नेल्याची नोंद नाही माझी.

"पैसे कुठून आले त्याचं निवेदन द्यावं लागेल काका. ऑनलाइन फॉर्म आहे. चला, मी भरतो."

त्यानं फॉर्म उघडला. एकच बिल तीन वेळा भरण्याचे कारण. खाली निवडायला पाच कारणं दिलेली: तांत्रिक बिघाड, विसर पडणे, फसवणूक, मृत्यू, इतर.

"पाडवा लिही," मी म्हणालो.

"पाडवा नाहीये काका यात."

"मग इतर लिही आणि पुढं पाडवा."

"इतरच्या पुढं लिहायला जागा दिलेली नाही."

शेवटी त्यानं 'विसर पडणे' निवडलं. पैसे फेडण्यात एक दिवस न विसरणाऱ्या घराला बँकेनं विसरभोळं ठरवलं. कागदोपत्री. सही माझी.

पुढचा रकाना: पैसे भरणाऱ्या श्रीमती चांदबी यांचे कार्डधारकाशी नाते. पत्नी, आई, बहीण, मुलगी, व्यावसायिक भागीदार.

"शेजारीण," मी म्हणालो.

"शेजारीण नाहीये यात."

मागच्या टेबलावरच्या साहेबांनी मान वर केली. "ह्या चांदबी तुमच्या कोण? शेजारच्या बाईनं तुमचं बिल का भरावं?" विचारण्याची तऱ्हा अशी होती की माझे कान तापले. चांदबी स्वतः बरोबर आली होती, आधार कार्ड घेऊन, दोन ब्लाउज अर्धे टाकून. ती बाकावरून उठली.

"क्यों न भरूं? साब, इनकी मिसेसनं माझ्या लेकीच्या बाळंतपणात बारा दिवस डबा दिला. तेव्हा फॉर्म नव्हता भरला कुणी." मग उमरकडं वळली. "लिव रे बेटा, बहीण लिव."

उमरनं बहीण लिहिलं. साहेबांनी मान खाली घातली. त्या अख्ख्या बँकेत त्या दिवशी एवढं एकच खरं लिहिलं गेलं.

निवेदनाबरोबर पैसे परत मागायचा अर्जही दिला. 'परत हवी असलेली रक्कम' या रकान्यापाशी माझा हात थांबला. आमच्या घरात ज्वारीचा डबा कधी पुरा रिकामा करत नाहीत. तळाला एक मूठ ठेवतात. सिद्धेश्वरी त्यातले पैसे काढते तेव्हासुद्धा तळाचं एक नाणं हलवत नाही. हात आपोआप चालला आणि मी लिहिलं, सत्तेचाळीस हजार दोनशे एकोणऐंशी. एक रुपया राहू दे. या एका रुपयानं पुढं माझं काय केलं ते सांगतोच.

अर्ज मुंबईला गेला. मुंबईनं चेन्नईला पाठवला. चेन्नईनं माझी सही जुळत नाही म्हणून परत पाठवला. सही जुळत नव्हती कारण ती रागानं केलेली होती. परत शांतपणे सही केली. शांत सही तर माझ्या कुठल्याच कागदाशी जुळेना.

डिसेंबरची दहा तारीख आली. त्या दिवशी कामावरून घरी आलो तर दारात टेम्पो उभा. टेम्पोवर हिरवं मशीन. ड्रायव्हरशेजारी सिद्धेश्वरी, मांडीवर पर्स, आणि तिच्या शेजारी चांदबी, दोघी राणीसारख्या.

"हे काय?" मी विचारलं.

"मशीन."

"पैसे?"

"नऊ हजार तीनशे साठ दिले. बाकी कासीमभाईच्या वहीत लिवलेत. माझ्या नावावर. तुमच्या न्हाय. घाबरू नका."

बाकी किती, ते विचारायची गरज नव्हती. तेवीस हजार सहाशे चाळीस. हा आकडा माझा पिच्छा सोडत नव्हता.

"आपल्या घरात उधारी?"

"तुमी देणं नको, देणं नको म्हणून वरडलात म्हणून तर हे झालं! कुणी फेडायचं ते मला माहीत न्हाय म्हणे! एवढं जर तोंड उघडून सांगितलं असतं की, अगं मी भरतोय, तर माझं मशीन दिवाळीतच आलं असतं. आता सरा. वायरमन यायचाय."

सारा गल्ली-परिवार ऐकत होता. धोंडप्पांनी तर खुर्चीच बाहेर आणली होती. मी सरलो.

त्या उधारीच्या मशीनची चटणी मी खाणार नाही, असं जाहीर केलं. हा निश्चय दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी गरम भाकरीवर चटणी आणि वर कच्चं तेल बघून मी स्वतःला समजावलं की शेंगदाणे रोखीचे आहेत.

त्याच आठवड्यात बँकेचा फोन आला. एक बाई, आवाजात मध. "सर, आपली परतफेड इतकी उत्तम आहे की बँकेनं आपल्यासाठी सत्तेचाळीस हजारांचं कर्ज मंजूर केलंय. फक्त सोळा टक्के."

म्हणजे माझेच पैसे मला सोळा टक्क्यांनी. मी त्या बाईला जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सर, एक ते दहामध्ये आम्हाला किती गुण द्याल?"

गड्डा भरला. सिद्धेश्वरीच्या स्टॉलवर मी गल्ल्याला बसलो, कारण मला दुसरं काही येत नाही. नवव्या दिवशी चटणी संपली. रात्रंदिवस नाही, सकाळी दोन तास मशीन चालवून तिनं परत माल केला. खांदा दुखला नाही, हे तिनं मला तीन वेळा सांगितलं. गड्डा उठल्यावर पहिल्याच सोमवारी ती एकटी बार्शीला गेली आणि कासीमभाईची वही कोरी करून आली. आल्यावर तोंडातून शब्द काढला नाही. चांदबीकडून कळलं. सासऱ्याचा दुसरा नियम सुनेनं पाळला, तो मला न सांगण्यासाठीच पाळला असावा.

बँकेचे पैसे आले महाशिवरात्रीला. साडेतीन महिन्यांनी. बसूचे बसूला दिले, सिद्धेश्वरीचे तिला दिले. तिनं मोजून डब्यात टाकले आणि झाकण जरा जोरातच लावलं.

दुसऱ्या दिवशी मी कार्ड बंद करायला गेलो.

"काका, बंद होत नाही," उमर म्हणाला. "यात तुमचा एक रुपया आहे. शिल्लक असताना कार्ड बंद करता येत नाही."

"मग रुपया परत द्या."

"शंभराच्या आतली रक्कम परत करता येत नाही."

"मग वापरतो."

"बंद करायचा अर्ज दिल्यामुळे आता वापरता येत नाही."

मी खुर्चीत टेकलो. उमरनं पाणी मागवलं. मग इकडंतिकडं बघून त्यानं स्वतःच्या खिशातून एक रुपयाचं नाणं काढलं आणि टेबलावर ठेवलं. "घ्या काका. मिटवा."

"तुझा नको. तुझ्यावर माझं देणं नाही. बँकेचा पाहिजे, पावतीसकट."

तेव्हापासून दर महिन्याला एक रुपयाचं स्टेटमेंट येतं. रजिस्टर पाकिटात, चकचकीत कागदावर चार पानं. एका रुपयाचा हिशेब सांभाळायला बँकेनं आतापर्यंत दोनशे रुपये तरी खर्च केले असतील. सिद्धेश्वरी म्हणते, सोडा की. चांदबी म्हणते, सोडा की भाईसाब. धोंडप्पा म्हणाले, वजा एकच आहे, बुडाला तरी एकच. मी सोडला नाही. आयुष्यभर ज्या माणसानं कुणाचं देणं ठेवलं नाही, त्याचं देणं एका बँकेनं का ठेवावं?

यंदा धनत्रयोदशीच्या सकाळी मी बसलो आणि एक पत्र लिहिलं. एक प्रत शाखेला, एक फोनवाल्यांना, एक मुंबईच्या तक्रार विभागाला. मजकूर थोडकाच होता: "आमच्यात पाडव्याच्या आत देणं फेडतात. आपल्याकडं माझा एक रुपया आहे. तो फिटलाच पाहिजे. कुणी फेडायचा ते मला माहीत नाही. या बँकेत कुणाला काही वाटतं की नाही?"

पाडव्याला सकाळी अंघोळ करून ओट्यावर बसलो होतो. आत मशीन धडधडत होतं, दिवाळीच्या ऑर्डरी होत्या. फोन वाजला. मेसेज: 'आपल्या तक्रारीच्या निवारणार्थ शाखेतर्फे कार्डावर एक रुपया जमा केला आहे. धन्यवाद.' मी वाचेपर्यंत दुसरा: 'ग्राहक सेवा केंद्रातर्फे एक रुपया जमा.' मग तिसरा, मुंबईचा. एक रुपया जमा. धन्यवाद.

कार्डावर माझे आता चार रुपये झाले होते.

सिद्धेश्वरी बाहेर आली. हात तिखटाचे, म्हणून तिनं फोन माझ्या हातातच ठेवून वाकून वाचला. तिन्ही मेसेज वाचले. मग पदर तोंडाला लावून खांदे हलेपर्यंत हसली. दोन्ही खांदे.

"बघा," ती म्हणाली. "त्यांच्या घरातबी कुणीतरी तुमच्यासारखंच वरडलंय."